ट्रेवरचा मजकूर

ब्रेल छापखान्यात तिला सगळे वाचकबाई म्हणत. पगारपत्रकावर तिचे पद ‘मुद्रितशोधक’ असे होते, पण शोधणे हा शब्द तिला कधी मानवला नाही. शोधायला आधी काहीतरी हरवावे लागते, आणि तिच्या उजव्या तर्जनीखालून गेल्या सव्वीस वर्षांत फारसे काही हरवलेले नव्हते. जस्ताच्या पत्र्यावरून उठवलेला कच्चा कागद तिच्या टेबलावर येई. डाव्या तळहाताने ती तो दाबून धरी, उजव्या तर्जनीने ठिपके वाची आणि वाचलेले मोठ्याने म्हणे. समोर बसलेले मास्तर छापील पुस्तकात डोळे घालून प्रत्येक वाक्यामागे ‘हं’ म्हणत. ‘हं’ आला नाही की चूक आहे असे समजायचे. मग पत्रेवाला येऊन पत्र्यावरचा चुकीचा ठिपका ठोकून सपाट करी आणि योग्य जागी नवा उठवी. असे पान शुद्ध होई, आणि त्या शुद्ध पानावर दूरदूरच्या शाळांतली मुले विश्वास ठेवीत.

वाचकांचे काही अलिखित नियम होते. वाचणारे बोट विस्तवाजवळ न्यायचे नाही, सुरीखाली न्यायचे नाही, थंडीत उघडे ठेवायचे नाही, त्याने भांडे घासायचे नाही. पाहुण्याशी हात मिळवायचा तर डावा पुढे करायचा. पाहुणा गोंधळला तर गोंधळू द्यायचा. वाचकबाईने हे पथ्य इतके कडक पाळले की घरातली सगळी कामे डाव्या हाताच्या पदरात पडली. त्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे, कापल्याचे, पोळल्याचे जुने वण होते. उजवा मात्र लोण्यासारखा मऊ राहिला होता.

“डावा हात म्हणजे घरची मोलकरीण,” तिची वहिनी म्हणे, “आणि उजवा म्हणजे जावई. आला की बसला. मानपान सगळं त्याला, आणि काम काय, तर वाचन.”

वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन अकरा वर्षे झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढ्या संसारात या दोघी उरल्या होत्या, आणि उरल्या याचे त्यांना आता विशेष वाटेनासे झाले होते. पुढच्या खोलीत खिडकीशी वहिनीचे शिवणयंत्र होते. लोकांचे कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून देण्यात तिचा दिवस जाई. नणंद वयाने लहान असूनही वहिनी तिला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणे. आरंभी रीत म्हणून, पुढे सवय म्हणून, आणि अलीकडे निव्वळ थट्टा म्हणून.

दरवर्षी सणाच्या सुट्टीआधीच्या दिवशी छापखान्यात दुपारी सगळे एकत्र बसून खात. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचे. वाचकबाई ओट्सचे बार नेई. छापखान्यात त्यांना बार म्हणत, घरी वड्या. खाली ओट्स आणि लोण्याचा दाबून बसवलेला थर, मध्ये जर्दाळू, सफरचंद आणि संत्र्याच्या रसाचे दाट सारण, वर पुन्हा ओट्सचा मोकळा, भुरभुरीत थर. एकोणीस वर्षांत यात फरक पडला नव्हता. एका वर्षी वहिनीने मनुका घातल्या होत्या, त्याची वाच्यता अजून होत असे.

या वड्यांना एक खेळ जोडलेला होता, आणि तो या दोघींखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. ट्रे भट्टीत जाण्यापूर्वी वाचकबाई उजवी तर्जनी वरच्या थरावरून हलके, पिसासारखी फिरवी. लोणी-पिठाचे बारीक कण आणि ओट्सच्या कडा यांतून कधी कधी एखादे अक्षर आपोआप जुळून येई. वाऱ्याने वाळूवर लिहावे तसे. वहिनी विचारी, “काय म्हणतोय ट्रे?” आणि वाचकबाई जे सापडले ते सांगे. वहिनी ते आपल्या मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने उतरवून ठेवी. त्या पानावर एकोणीस वर्षांचा मजकूर होता, आणि तो फार नव्हता. एका वर्षी ‘ताक’. एका वर्षी ‘लस’. ‘मामा’ आला तेव्हा दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. चार वर्षे नुसतीच एकेक अक्षरे. एका वर्षी, भाऊ गेला त्या वर्षी, काहीच नाही. वहिनीने तिथे आडवी रेघ ओढली होती.

वहिनीला हा सगळा वन्संच्या कल्पनेचा खेळ वाटत असे. तो तसा नव्हता. वाचकबाईला खरोखरच अक्षरे सापडत. पाचव्या वर्षी तापात डोळे गेले, तेव्हापासून जगातला प्रत्येक पृष्ठभाग तिला थोडासा लिहिल्यासारखा वाटत आला होता. भिंतीचा गिलावा, संत्र्याची साल, जिन्याच्या कठड्यावरचा गंज. तिची स्वप्नेही स्पर्शाची असत. स्वप्नात ती एखाद्या लांबच लांब भिंतीच्या कडेने चालत असे, हात भिंतीवर, आणि भिंत बोलत असे. कधी हवामान सांगे, कधी कुणाचे पत्र, कधी आईच्या हाकेसारखे काहीतरी, ज्याला अक्षरे नव्हती पण अर्थ होता. ती भिंत कधी संपत नसे. जागी झाल्यावर बोटाच्या टोकाशी थोडा वेळ झिणझिण्या राहत, आणि ती मनाशी म्हणे, आजचा भाग वाचून झाला.

यंदा पावसाळा सरल्यापासून मात्र छापखान्यात कागदावरून कटकट चालू होती. वाचकबाईची तक्रार होती की कागद हलका आलाय, ठिपके नीट उठत नाहीत, वर जणू झिरझिरीत कापड अंथरल्यासारखे लागते. भांडारपालाने कागद बदलून दिला. तिची तक्रार कायम. त्याने पुन्हा बदलून दिला आणि म्हणाला, “बाई, आता याच्यापुढं जाडा कागद म्हणजे पुठ्ठाच.” पत्रेवाल्याने हातोडी धुऊन-पुसून पाहिली. मास्तर म्हणाले, “आजकाल कशातच राम राहिला नाही.” मास्तर हे वाक्य सगळ्याच गोष्टींबद्दल म्हणत असल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. त्याच कागदावर पलीकडच्या टेबलावरचे वाचक, ज्यांना सगळे नाना म्हणत, विनातक्रार वाचत होते. वाचकबाईने त्याचा अर्थ असा लावला की नानांना आताशा कशाचेच काही वाटत नाही.

छापखान्यातल्या त्या एकत्र खाण्याच्या आदल्या दुपारी ती अर्ध्या रजेने घरी आली. वहिनीने यंत्रावर कापड झाकून ठेवले होते आणि जर्दाळू चिरायला घेतले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिवाळी ऊन तिरके येत होते. ते वाचकबाईला गालावर कळे, टेबलाच्या कडेवर कळे, लोण्याच्या डब्याच्या झाकणावर कळे.

जर्दाळूचे तुकडे संत्र्याच्या रसात भिजले. सफरचंद किसून त्यात पडले, दालचिनी पडली, आणि पातेले मंद आचेवर गेले. वाचकबाई डाव्या हाताने पळी फिरवत राहिली. सारण आधी पाण्यासारखे बोलते, टपटप, घाईने. मग हळूहळू त्याचा आवाज जड होतो, वाक्ये लांबतात, आणि शेवटी एकेक बुडबुडा विचार करून फुटतो. तिला ते ऐकताना पेंग आल्यासारखे झाले. खोलीभर गोड, आंबूस वास भरला. तो वास आणि ऊन एकमेकांत मिसळून एकच काहीतरी झाले होते, आणि त्या एका गोष्टीत ती उभी होती, अर्धी इथे, अर्धी त्या भिंतीच्या कडेने चालत.

“वन्सं, तळाला लागेल.”

“नाही लागत.”

“झोपेत ढवळणारी बाई मी आजच पाहिली.”

ओट्स, मैदा आणि तपकिरी साखर परातीत घालून वाचकबाईने गार लोण्याचे तुकडे डाव्या हाताने चोळायला घेतले. मोलकरणीला हे काम येत होते. लोणी पिठात विरघळू द्यायचे नाही, फक्त मोडत मोडत कणाकणात पसरवायचे, म्हणजे मुठीत दाबले तर गोळा होतो आणि सोडले तर भुगा. निम्मे मिश्रण वहिनीने ट्रेमध्ये वाटीच्या बुडाने दाबून बसवले. वर सारण पसरले. उरलेले मिश्रण वाचकबाईने वरून भुरभुरवले, दाणे पेरावेत तसे. मग हात धुतले, पुसले, आणि उजवी तर्जनी ट्रेवर आणली.

वहिनीने वही उघडली. पेन्सिलीला टोक केले.

“हं, काय म्हणतोय?”

बोट डाव्या कोपऱ्यातून निघाले. पहिली ओळ, दुसरी ओळ. वाचकबाई थांबली. पुन्हा सुरुवातीपासून निघाली. कण होते, हे तिला ठाऊक होते, तिनेच ते पसरले होते. पण बोटाखाली नुसती लोकर होती. ना कड, ना टोक, ना कणाकणातली फट. जणू बोटावर वहिनीचे शिवणकामाचे अंगुस्तान चढवले होते आणि ते निघत नव्हते. तिने अंगठा त्या टोकावर घासून पाहिला. अंगठ्याला बोट कळले. बोटाला अंगठा कळला नाही.

इथे कागद नव्हता. भांडारपाल नव्हता, हातोडी नव्हती. इतके महिने ज्याच्यावर ठपका ठेवता येत होता ते सगळे छापखान्यात राहिले होते, आणि या स्वयंपाकघरात एका ट्रेपुढे फक्त तिचे बोट होते.

“लिही,” ती म्हणाली. आवाज तिने बेतानेच काढला. “‘सगळे सुखरूप घरी पोचले.’”

पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज आला नाही.

“काय गं?”

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “एकोणीस वर्षांत ट्रेनं कधी क्रियापद वापरलं नव्हतं.”

वाचकबाईने बोट उचलले.

“ताक, लस, मामा,” वहिनी सावकाश म्हणाली. “मला वाटायचं तुम्ही मनानं सांगता. आज कळलं की तेव्हा खरं सांगत होता. मनानं सांगायचं तर माणूस ‘लस’ कशाला सांगेल?” मग तिने ट्रे उचलून भट्टीत सरकवला, दार लावले, आणि त्याच दमात विचारले, “जावई रुसलाय की आजारी आहे?”

वाचकबाई स्टुलावर बसली. भट्टीच्या दाराची ऊब तिच्या गुडघ्यांवर येत होती.

“कधीपासून?”

“कागदापासून. म्हणजे, कागद खराब आला असं मला वाटायला लागलं तेव्हापासून.”

“डॉक्टर?”

“दाखवीन. ते नाही वहिनी. तू ऐक. गणिताचं पुस्तक आहे ना, तिसरीचं. त्याची शेवटची बारा पानं मी वाचलीच नाहीत.”

“मग काय केलंस?” वहिनीच्या तोंडून ‘तू’ निसटले, आणि दोघींपैकी कुणीही ते लक्षात आणून दिले नाही.

“म्हटली.”

“म्हटली म्हणजे?”

“पाढे आहेत ते. दोनपासून तीसपर्यंत. बोट फिरत होतं आणि तोंड म्हणत होतं. मास्तर ‘हं, हं’ करत होते. मला वाटलं, काय छान चाललंय, एकदाही अडले नाही. चार दिवसांचं काम एका दुपारी उरकलं. पत्र्यावर काय आहे, कुणालाच माहीत नाही. उद्या बाराच्या आत माझी सही पडायची. सही झाली की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सहाशे प्रती.”

वहिनीने वही मिटली. “मग सही करू नका.”

“सही केली नाही तर कारण सांगावं लागेल.”

“मग सांगा.”

“सांगितलं की टेबल गेलं.” वाचकबाईने उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. “टेबल गेलं तर जाऊ दे, असं म्हणशील. पण वाचायला मला एवढंच आहे, वहिनी. तुला कपडा आहे, खिडकी आहे, समोरच्या बाईचं भांडण आहे. मला जे काही आहे ते या टोकातून येतं. ते उद्या माझ्याच तोंडानं संपलं म्हणून सांगायचं?”

वहिनीने परात नळाखाली धरली, ओट्सचे चिकटलेले कण नखाने खरवडले, आणि म्हणाली, “समोरच्या बाईचं भांडण मी तुम्हाला रोज सांगते की. मीठमसाला लावून.”

वाचकबाईला हसू आले.

वड्या सोनेरी व्हायला पाऊण तास लागला. बाहेर काढलेल्या ट्रेला लगेच सुरी लावायची नसते. गरम वडी कापली की सारण पळते आणि चौकोनाचा चिखल होतो. ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर गेला. वहिनी पुढच्या खोलीत एका पाटलोणीची शिवण उसवायला बसली. वाचकबाई तिथेच स्टुलावर, भिंतीला डोके टेकून राहिली. उन्हाची तिरीप तिच्या पायावरून उतरून फरशीवर गेली होती. डुलकी कधी लागली ते तिला कळले नाही.

तीच भिंत होती, पण आज तिला टोक होते. टोकाशी एक वर्ग होता. बाकांवर मुले होती, त्यांचे श्वास होते, नव्या पुस्तकांचा करकरीत वास होता. तिचा हात एका मुलीच्या हातावर होता, किंवा त्या मुलीचा हात तिच्या हातावर. बोटावर बोट, आणि खाली पान. ब्रेलमध्ये सात म्हणजे चार ठिपक्यांचा पुरा चौकोन. त्या चौकोनाचा एकेक कोपरा काढून घेतला की चार होतो, सहा होतो, आठ होतो, शून्य होते. सगळे सारखेच दिसणारे चुलतभाऊ, प्रत्येकाचा फक्त एक कोपरा वेगळीकडे गळालेला. स्वप्नात ते चौकोन पानावरून उठून चालू लागले, आणि चालता चालता एकमेकांचे कोपरे उसने घेऊ लागले. मुलगी वाचत होती. तिचा आवाज स्वच्छ होता. “सतरा चोक शहाऐंशी,” ती म्हणाली. वाचकबाईला तिला थांबवायचे होते, पण तोंडातून ‘हं’ निघाला. मग सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, सतरा चोक शहाऐंशी, आणि तो सूर इतका गोड होता, इतका निःशंक, की त्यापुढे अडुसष्ट हा आकडा खोटा वाटू लागला. त्या मुलीने मान वर केली नाही. त्या वयात ठिपक्यांवर कुणी शंका घेत नाही. ज्या बोटाने आई, पाणी, घर हे शब्द दिले, ते बोट आकड्यात फसवेल असे मनातही येत नाही. वाचकबाईच्याही आले नव्हते. सहाव्या वर्षी, पहिल्या पुस्तकावर, तिचे बोट असेच ठेवले होते कुणीतरी, आणि त्या पुस्तकाच्या मागे कुठेतरी एक अनोळखी वाचक बसला असेल, ज्याने प्रत्येक ठिपका खरोखर वाचला होता.

“वन्सं, थंड झाल्या,” वहिनी दारातून म्हणाली. “कापू का तुम्ही कापताय?”

“तू काप. चौकोन सारखे काप.”

“मी शिवणकाम करते. मला सांगताय?”

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी छापखान्यात पोचली. डबा कपाटावर ठेवला, कोट काढला, आणि टेबलाशी न बसता उभीच राहिली. मास्तर आले ते चष्मा पुसत.

“बाई, वास आला डब्याचा. यंदा मनुका नाहीत ना?”

“मास्तर, बसा. मला तुम्हाला काही सांगायचंय.”

तिने सांगितले. बोटाचे सांगितले, कागदाचे सांगितले, बारा पानांचे सांगितले. ट्रेचे सांगितले नाही. ते घरचे होते. मास्तरांची खुर्ची करकरली.

“म्हणजे तुम्ही पाढे म्हणत होता,” ते म्हणाले.

“हो.”

“वाचत नव्हता.”

“नाही.”

मास्तरांनी घसा साफ केला. “आता मी सांगतो. मीही पुस्तकात बघत नव्हतो. छत्तीस वर्षं वर्गात पाढे ऐकले. कुणी सुरात म्हणायला लागलं की माझे डोळे आपोआप मिटतात, मान डोलते आणि ‘हं’ निघतो. त्या दिवशी तुम्ही एकोणतिसाचा म्हटलात ना, मला माझी जुनी शाळा आठवली. खिडकीतलं झाड आठवलं. म्हणजे बारा पानं तुम्ही वाचली नाहीत आणि मी तपासली नाहीत. झाकली मूठ दोघांची.”

“आता उघडायची, मास्तर.”

“उघडू. पण तुम्ही आधी आत जा. माझं धैर्य जरा मागून येतं.”

विभागप्रमुख म्हणजे मोठ्या बाई. त्या कमी बोलत, आणि जे बोलत ते फिरवीत नसत. त्यांनी दोघांचे ऐकून घेतले, मध्ये एकदाही थांबवले नाही. मग सहीचा कागद टेबलावरून उचलून खणात ठेवला आणि पत्रेवाल्याला बारा पानांचे कच्चे कागद नानांकडे न्यायला सांगितले.

“आजच?” पत्रेवाला म्हणाला. “जेवणाचं सगळं मांडून झालंय, बाई.”

“तुम्ही जेवा. नाना वाचतील. मी त्यांच्यासमोर पुस्तक धरते.”

असे झाले की त्या वर्षी एका खोलीत छापखाना जेवत होता आणि शेजारच्या खोलीत पाढे चालू होते. मधले दार उघडेच होते. वाचकबाई डाव्या हाताने वड्या वाटत फिरली. लोक नेहमीसारखे म्हणत होते की हे सारण बाजारात मिळायचे नाही, की वरचा थर तोंडात विरघळतो, की डबा रिकामा झाला की कळवा, आम्ही रडायला येऊ. भांडारपालाने दोन घेतल्या, तिसरी खिशात घातली आणि हळूच विचारले, “मग कागद बरा होता म्हणायचा?” “उत्तम होता,” ती म्हणाली, “मी सगळ्यांदेखत सांगीन.” “नको नको,” तो म्हणाला, “उत्तम म्हटलं की लोक जास्त मागतात.” ती हसली. तिचा कान मात्र शेजारच्या खोलीत होता. नानांचा आवाज एका लयीत येत होता. त्याला सूर नव्हता. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. प्रत्येक आकड्यापाशी एक श्वास थांबणारा, खडबडीत, अविश्वासू आवाज. असेच वाचायला हवे होते. मग तो आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. पुढे एकोणतिसावर तो दोनदा थांबला.

बारा पानांत तीन चुका निघाल्या. सतराच्या पाढ्यात एकही नव्हती.

मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावले तेव्हा खाणे आटोपत आले होते. “सुट्टीत डॉक्टरांना दाखवा,” त्या म्हणाल्या. “त्यांचा कागद येईपर्यंत तुमचं टेबल नाना बघतील. तुम्ही बांधणीत बसा.”

“आणि कागदावर ‘आता वाचता येणार नाही’ असं असलं तर?”

“तर तुम्हाला या टेबलावर ठेवता येणार नाही. तुम्हालाही ते नको असेल.”

“नको असेल,” वाचकबाई म्हणाली. हे वाक्य तिने रात्रभर मनात घोळवले होते आणि तरी ते तोंडातून निघताना जड गेले. मग जे घोळवले नव्हते ते निघाले. “मला अंकलिपीचं पहिलं पुस्तक हवंय. रद्दीतलं, जुनं कच्चं. डाव्या हातानं वाचून बघते.”

“डाव्यानं कधी वाचलंय?”

“नाही. शाळेत एकच बोट शिकवलं. डावं ओळ धरायला.”

“ते बोट तर भाजून भाजून राठ झालंय तुमचं.”

“झालंय. पण त्याला गरम कळतं, गार कळतं, लोण्यात पीठ किती मुरलं ते कळतं. अक्षर कळतं का, ते मला माहीत नाही. किती दिवस लागतील तेही माहीत नाही.”

मोठ्या बाईंनी स्वतः उठून मागच्या कपाटातून एक जाड, कडा मऊ झालेला गठ्ठा काढून तिच्या हातात दिला. “हे छपाईला जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “यात चुकलात तर कुणाचं नुकसान नाही.”

छापखाना रिकामा होत होता. जिन्यावर पावले उतरत होती, कुणी कुणाला सुट्टीचे निरोप देत होते, आणि बंद झालेल्या यंत्रांची धग अजून हवेत होती. वाचकबाई आपल्या टेबलाशी बसली. आज ते अजून तिचे होते. तिने गठ्ठा उघडला. उजवा तळहात कागदावर दाबून ठेवला आणि डावी तर्जनी ओळीच्या डाव्या कडेला टेकवली. जुनी, वणांची कातडी. तिच्याखाली काहीतरी उंचवटे, दाटीवाटीने, गावाबाहेरून ऐकू येणाऱ्या गोंगाटासारखे. एकही आवाज वेगळा काढता येत नव्हता.

समोरची खुर्ची करकरली.

“तुम्ही गेला नाहीत?” ती म्हणाली.

“छापील प्रत कोण धरणार?” मास्तर म्हणाले. “आणि या वेळी डोळे उघडे ठेवणार आहे. म्हणा.”

तिने बोट हलवले. थांबवले. पुन्हा मागे आणले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बराच पुढे सरकला असावा. मास्तरांच्या तोंडात वडी होती आणि ती ते आवाज न करता चावत होते.

“म,” ती म्हणाली.

‘हं’ आला नाही.

तिने बोट उचलले, फुंकर घातली, आणि पुन्हा ओळीच्या सुरुवातीला टेकवले.